दुखवट्यातली पेटी

तोहिदचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. करीम नदाफाचा हा एकुलता मुलगा. लग्न झालं आणि बायकोला घेऊन तो इचलकरंजीला मागाच्या पाळीवर गेला, तिथंच भाड्यानं राहिला. त्याच वर्षी करीमच्या घरी पिवळ्या माश्यांच्या पेट्या आल्या. "पोरगा गेला नि माश्या आल्या," असं करीमची म्हातारी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसायची.

पेट्या आणल्या करीमच्या लेकीनं, तोहिदच्या धाकट्या बहिणीनं, नुजहतनं. पोरगी बारावी शिकलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, तोंडानं फटकळ. मधमाश्यांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि आठ पेट्या घेऊनच घरात शिरली. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायची, "आधी माझ्या राण्यांना नवरे मिळू देत, मग माझं बघा."

करीमला माश्या नव्या नव्हत्या. गाद्या पिंजायचा धंदा बापाचा, आणि माश्यांचा नादही बापाचाच. नृसिंहवाडीच्या रस्त्याला त्यांचं गाव. घराच्या मागच्या भिंतीत बापानं एक माठ आडवा बसवला होता, त्यात काळसर, बारीक सातेरी माश्या वर्षानुवर्षं राहिल्या. बाप माठाचं झाकण काढायचा, दोन पोळी कापायचा, परत झाकण लावायचा. एवढंच त्याचं शास्त्र. एक रीत मात्र घरात कडक होती. घरात कुणी मयत झालं की माठावर पांढरं फडकं बांधायचं आणि चाळीस दिवस माठ उघडायचा नाही, धूर करायचा नाही. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरानं धूर करून दुसऱ्या कुणाला हुसकू नये, असं बाप सांगायचा. बाप गेला तेव्हा करीमच्या आईनं स्वतःच्या हातानं फडकं बांधलं होतं. चाळीस दिवसांनी सोडलं तेव्हा माठ मधानं भरलेला होता. सगळ्यांना ते बरं वाटलं होतं.

नुजहतच्या पिवळ्या माश्या वेगळ्या. मध तिप्पट, स्वभाव गरीब, पण लाडाच्या. पेट्या ठेवल्या जोतीरामच्या काकडीच्या बांधावर. जोतीराम करीमचा लहानपणापासूनचा जोडीदार. माश्यांमुळं काकडी चांगली धरते, म्हणून त्यानं जागा दिली होती. दर पंधरवड्याला नुजहत एका बरणीत वाटीभर माश्या घ्यायची, वरून पिठीसाखर टाकायची आणि बरणी गोल गोल हलवायची.

जोतीराम पहिल्यांदा हे बघून ओरडला होता, "आरं करीम्या, तुझी पोरगी माश्यांचं लाडू वळाय लागली की!"

"या काका, तुमाला एक देते," नुजहत म्हणाली. मग बरणीच्या जाळीतून तिनं साखर पांढऱ्या कागदावर चाळली. साखरेत तांबडे ठिपके उरले. राजगिऱ्याएवढे, चपटे. त्यातला एक चालायला लागला.

"ह्यो काय?"

"कोळी. माशीची गोचीडच समजा. म्हशीला गोचीड लागती तशी. पण ही माशीच्या अंगावर नुसती बसत न्हाई, पिल्लाच्या घरात शिरती. पिल्लावर मेणाचं झाकण बसायच्या आधी आत जाऊन लपती, आत पोरं घालती, आणि पिल्लू बाहेर आलं की पंखच न्हाईत त्याला."

"आयला. आणि तुला कसं कळतंय किती हायत?"

"हे काय, साखरेत. दोन-चार दिसले तर बरं. मूठभर दिसले की औषध. चुकवायचं न्हाई एवढंच."

करीम शेजारी उभा राहून ऐकायचा. त्याला लेकीचं कौतुक वाटायचं आणि थोडं हसूही यायचं. त्याच्या बापानं कधी माशीला साखर लावली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात नुजहत सारखी दमायला लागली. दात घासले की रक्त यायचं. पिंढऱ्यांवर काळे-निळे डाग. कोल्हापुरात नेलं तर डॉक्टरांनी रक्ताचाच आजार सांगितला, मोठा. मग करीमची बायको नजीरा लेकीला घेऊन मंगळवार पेठेत नणंदेच्या घरी जाऊन राहिली, तिथून दवाखाना जवळ होता. करीम गावात राहिला, कारण म्हाताऱ्या आईला सोडून जाता येत नव्हतं. निघताना नुजहतनं त्याला बरणी हातात दिली.

"अब्बा, मी येईपर्यंत साखर तुमी करायची. मला रोज विचारू नका तू कशी हायस म्हणून. मी तुमाला विचारणार, माश्या कशा हायत."

तसंच झालं. रोज संध्याकाळी फोन यायचा. करीमनं सुरुवातीला सगळं नीट केलं. बरणी हलवली, ठिपके मोजून सांगितले. नुजहत तिकडून हसायची, "बघा, अब्बा पास झाले." औषधांनी तिचे केस गेले, आवाज बारीक झाला, तरी फोन चुकला नाही. पेट्या जगवायच्या आणि लेक बरी होऊन आली की तिच्या ताब्यात द्यायच्या, करीमनं एवढंच मनाशी धरलं होतं. ती आल्यावर त्या बांधावर पाय ठेवेल आणि माश्या डोक्यावर गुणगुणत असतील, हेच चित्र त्याला सारखं दिसायचं.

गणपती बसले होते त्या दिवसांत करीमची आई गेली. झोपेतच गेली. नुजहतला आणता आलं नाही, गर्दीत नेऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजीरा मातीला आली आणि लगेच परत गेली. माती देऊन करीम घरी आला आणि त्याला पहिली आठवण झाली ती फडक्याची. आईनं बापासाठी बांधलं होतं. आता आईसाठी कोण बांधणार? कफनातून उरलेलं पांढरं कापड घेऊन तो जोतीरामच्या बांधावर गेला आणि आठही पेट्यांवर एकेक पट्टी बांधून आला.

जोतीराम म्हणाला, "पोरीला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं? आईचं हाय हे."

"न्हाई, त्या साखरेचं म्हनतो मी."

"माझ्या बापाच्या माश्या चाळीस दिवसांत मेल्या न्हाईत जोत्या. ह्या काय आभाळातनं पडल्यात?"

मशिदीतल्या मौलवीसाहेबांच्याही कानावर ते गेलं. ते म्हणाले, "करीमचाचा, दीनमध्ये असलं काय न्हाई बरं." करीम म्हणाला, "दीनमध्ये नसंल, घरात हाय."

त्या संध्याकाळी फोन आला. दादीबद्दल दोघंही थोडं रडले. मग नुजहतनं विचारलं, "साखर कधी करणार?" करीम म्हणाला, "केली." तो कधी खोटं बोलायचा नाही. पण आजारी लेकीशी त्या दिवशी वाद घालायची त्याच्यात ताकद नव्हती. आणि एकदा "केली" म्हटल्यावर पुढच्या वेळीही "केली"च म्हणावं लागलं.

"किती दिसले?"

"दोन-चार."

"शाब्बास."

दिवाळीच्या तोंडावर आईचा चाळिसावा झाला. फातिहा झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी करीम माश्यांना धूर द्यायचं धुराडं पेटवून बांधावर गेला. पहिल्या पेटीपुढच्या गवतात काही तरी हलत होतं. वाकून बघितलं तर माश्या. उडत नव्हत्या, चालत होत्या. पंख सुकलेल्या पानासारखे गुंडाळलेले, पोट आखडलेलं. पेटीतून बाहेर यायच्या, खाली पडायच्या आणि गवतात चालत दूर जायच्या.

"आरं ह्या काय मुंग्या का माश्या?" जोतीराम मागून आला.

करीमनं पट्टी सोडली, झाकण काढलं. आतून आंबूस वास आला. एक चौकट वर उचलली. पिल्लांच्या मेणाच्या झाकणांना भोकं पडलेली, झाकणं आत खचलेली. एका घरात त्यानं काडी घातली, पांढरं पिल्लू बाहेर आलं, आणि पिल्लाच्या मानेपाशी तीन तांबडे ठिपके पळाले. दुसरी पेटी तशीच. तिसरीत तर मूठभर माश्याच उरल्या होत्या, त्याही राणीभोवती गोळा होऊन. चौथीत मेणकिडीची जाळी. मेलेल्या पेट्यांतला मध लुटायला बाकीच्या पेट्यांतल्या माश्या गेल्या असणार आणि येताना अंगावर तीच गोचीड घेऊन आल्या असणार. करीम एकेका पट्टीची गाठ सोडत गेला. शेवटच्या पेटीत मात्र जीव होता. पाच चौकटी माश्यांनी झाकलेल्या, राणी फिरत होती. पण तिथंही तांबडे ठिपके उघड्या डोळ्यांना दिसत होते.

जोतीरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, च्या पी आधी."

"तिला काय सांगू?"

"खरं सांग. खोटं तुला जमत न्हाई, तोंडावर दिसतंय."

दुसऱ्या दिवशी करीम मंगळवार पेठेत गेला. नुजहत खिडकीपाशी भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, हातावर सुयांचे डाग. करीमनं सगळं सांगितलं. पट्ट्या, चाळीस दिवस, खोटं बोललेलं, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"चाळीस दिवस? अब्बा, माश्या काय मुसलमान हायत व्हय? त्यांना कशाला दुखवटा?"

"अगं, आजोबाच्या येळंला काय झालं न्हवतं..."

"आजोबाच्या सातेरी हुत्या! सातेरीला ही गोचीड नवी न्हाई. त्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी दातांनी तोडून टाकतात. त्यांना चाळीस दिवस काय, सालभर सोडा. ह्या माझ्या बिचाऱ्या परदेशातल्या. यांना कुणी शिकवलंच न्हाई." ती थांबली, धाप लागली होती. "चाळीस दिवसांत गोचडीच्या चार पिढ्या होतात. तुमी मला 'दोन-चार' म्हणत हुता."

नजीरा म्हणाली, "बास कर. बापाशी काय बोलतीस."

"बोलू दे तिला," करीम म्हणाला.

नुजहत हळूच म्हणाली, "एक हाय ना अजून?"

"एक हाय."

"मग रडताय कशाला? फोन आणा हिकडं. उद्यापासून मी सांगते तसं करायचं."

त्या दिवसापासून ती शेवटची पेटी करीमच्या अंगणात, लिंबाखाली आली. नुजहत फोनवर चित्र बघून सांगायची आणि करीम करायचा. तिचा पहिला हुकूम नरांची पिल्लं काढायचा. कोळ्याला नराचं घर जास्त आवडतं, कारण ते जास्त दिवस बंद राहतं. म्हणून नरांची फुगीर झाकणांची घरं कोळी आत असतानाच कापून टाकायची. करीमनं सुरी घातली. पांढरीशुभ्र, डोळे नुकतेच जांभळे झालेली पिल्लं पातेल्यात पडली. त्याचा हात थांबला.

"कापा की अब्बा."

"जिवंत हायत गं."

"म्हाईत हाय मला. ती ठेवली तर बाकीची जगत न्हाईत. मलाबी डॉक्टर असंच करतो, चांगलं-वाईट सगळं रक्त मारतो. कापा."

करीमनं कापलं. पातेलं घेऊन तो परड्यात गेला, खड्डा खणला आणि पिल्लं पुरली. कोंबड्यांना घालायला हवी होती, पण त्याला ते जमलं नाही. दर पंधरवड्याला हे चालू राहिलं. साखरेत ठिपके थोडे कमी झाले, पण हटले नाहीत.

डिसेंबरात एका सकाळी डॉक्टरांनी करीमला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, आता घरी न्या. करीमला वाटलं, बरी झाली. नजीरानं त्याच्याकडं बघितलं तेव्हा त्याला कळलं. जोतीरामनं टेम्पोत गादी टाकली, करीमनं स्वतः पिंजलेली, आणि तिला गावात आणलं. अंगणात उतरल्या उतरल्या ती पेटीकडं गेली, दाराशी कान लावून बसली. "लई कमी झाल्यात," एवढंच म्हणाली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं राणीला पकडलं. जोतीराम तिळगूळ घेऊन आला होता, तोही बघत थांबला. नुजहतच्या बोटांत जोर नव्हता, पण राणी तिच्या चिमटीत अलगद आली. तारेच्या जाळीचा काडेपेटीएवढा पिंजरा, त्यात राणी घातली, पिंजरा दोन चौकटींच्या मध्ये टांगला.

नजीरा ओसरीवरून म्हणाली, "आईला कोंडतीस व्हय गं? असलं औषध मला बघवत न्हाई."

"अम्मी, ती अंडी घालायची थांबली की नवं पिल्लू न्हाई. पिल्लू न्हाई तर गोचडीला लपायला घर न्हाई. तीन आठवड्यांत आतली सगळी पिल्लं बाहेर येणार, आणि सगळ्या गोचडी उघड्यावर. मग पाकातलं औषध एकदाच घालायचं, आणि त्याच दिवशी राणी सोडायची."

"आणि तवर ती उपाशी?"

"तिला लेकी भरवतात की, जाळीतनं. बघ, आत्ताच भरवाय लागल्यात."

जोतीराम म्हणाला, "आनी सोडायला कोन? तुझा बा तर हात लावाय भितोय."

"मी हाय की काका. आजपासनं तिसऱ्या बुधवारी सोडायची. मला नुसतं उचलून पेटीपाशी न्यायचं, बाकी माझं मी बघते." मग वडिलांकडं बघून म्हणाली, "दिवस चुकवायचा न्हाई अब्बा. लई दिवस कोंडून ऱ्हायली तर जुन्या माश्या मरून जातील आणि नव्या जन्मणारच न्हाईत. मग राणी सोडून काय उपेग?"

त्यानंतर ती अंथरुणातून फारशी उठली नाही. औषधाची पावडर साखरेच्या पाकात तिनंच नजीराकडून मोजून घालून घेतली, बाटलीला फडकं गुंडाळून फळीवर ठेवायला लावली. रोज सकाळी विचारायची, "भरवतात का तिला?" करीम जाळीतून बघून यायचा, "भरवतात." आता तो खरंच बघून यायचा.

राणी सोडायच्या आठवड्यात सोमवारी तिनं पाणीही घेतलं नाही. मंगळवारी दुपारी तिचा श्वास तुटत गेला. नजीरानं तिच्या ओठांना पाणी लावलं, करीम पायाशी बसून कलमा म्हणत राहिला. तोहिद इचलकरंजीहून पोहोचला तेव्हा ओढणी चेहऱ्यावर आलेली होती. संध्याकाळी माती झाली. करीमनं कबरीत स्वतः उतरून लेकीला ठेवलं. ती एवढी हलकी झाली होती की त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी लहान पोर घेतलंय.

बुधवारी सकाळी घर बायकांनी भरलेलं. ओसरीवर पुरुष. मंगळवार पेठेतली करीमची बहीण आतून आली, तिच्या हातात कफनातल्या उरलेल्या कापडाची पट्टी होती.

"करीम, पेटी झाकलीस का? ही घे."

करीमनं पट्टी हातात घेतली. लिंबाखाली पेटी होती. दाराशी माश्या चालल्या होत्या, थोड्याच. त्यानं पट्टी मांडीवर ठेवली आणि तो पेटीकडं बघत राहिला. त्याला उठवत नव्हतं. आईसाठी बांधलेल्या पट्ट्यांनी सात पेट्या गेल्या होत्या. पण लेकीचं दुःख करायचं आणि तिच्यासाठी पट्टीही बांधायची नाही, म्हणजे मग दुःख ते कसलं? तिच्यासाठी आपण एवढंही करायचं नाही? आणि बांधली, तर तिनं चिमटीत धरलेली ती राणी आतच मरणार. दोन्हीकडून त्याचा जीव चिरत होता.

तोहिद म्हणाला, "अब्बा, ऱ्हाऊ द्या आज. तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर बघू."

"आज बुधवार हाय," करीम म्हणाला.

"लोक काय म्हनतील?"

जोतीराम कोपऱ्यातून बोलला, "लोक काय म्हनतील ते मी ऐकतो. तू बापाला ऊठ म्हन."

तरी करीम बसूनच राहिला. मग आतल्या खोलीतून, बायकांच्या मधून, नजीराचा आवाज आला. रडून रडून फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"धुराडं चुलीमागं हाय."

करीमची बहीण म्हणाली, "भाभी, घरात मयत झालीय..."

"माझं पोरगं हाय ते," नजीरा म्हणाली. "आनी त्या पेटीत दुसरी आई कोंडून बसलीय. बाटली फळीवर हाय म्हनावं."

करीम उठला. मांडीवरची पट्टी खाली पडली ती त्यानं उचलली नाही. धुराड्यात सुकं शेण आणि गोणपाट घातलं, धूर आला. डोळ्यांत पाणी होतंच, त्यात धुरानं आणखी आलं, ते बरंच झालं. झाकण काढलं. चौकटींत एकही झाकलेलं घर नव्हतं, सगळी घरं रिकामी, चकचकीत. पिंजऱ्याभोवती माश्यांचा दाट गोळा. त्यानं चौकटींच्या फटीफटीतून पाकातलं औषध थेंब थेंब सोडलं, नुजहतनं सांगितलं होतं तेवढंच. मग पिंजरा वर काढला. आत राणी होती. त्यानं जाळीचं दार उघडलं. एक माशी चावली, त्याला कळलंही नाही. राणी दारापाशी आली, थांबली, आणि मग मेणावर उतरून माश्यांच्या गर्दीत आत गेली. ती दिसेनाशी झाली तरी करीम उघड्या पेटीवर वाकून उभाच राहिला. जोतीरामनं येऊन झाकण लावलं.

माश्या जगल्या. त्याचा करीमला आनंद झाला असं कुणी समजू नये. संध्याकाळ झाली की तो फोन हातात घेऊन लिंबाखाली बसायचा, आणि फोन यायचा नाही.

नुजहत करीम नदाफ, वय वर्षे सव्वीस, मंगळवार दिनांक चार फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी दुपारच्या नमाजानंतर आपल्या राहत्या घरी वारली.